रस्ता सुधारला, आई घरात बसली. मग मोजायचं काय?

पायरीवर
शनिवार, सकाळी १०:१२

आमच्या भागातला मुख्य रस्ता गेल्या वर्षी रुंद झाला. जाऊन-येऊन सहा पदर, मध्ये दुभाजक, दुभाजकावर लोखंडी कठडा. काम संपल्यावर पेपरात आलं की वाहनांचा सरासरी वेग वाढला आणि चौकात थांबण्याचा वेळ घटला. आकडे खोटे नसणार. मी स्वतः त्याच रस्त्याने स्कूटरवर ऑफिसला जाते आणि हल्ली दहा मिनिटं उशिरा निघूनही वेळेवर पोहोचते.

त्याच वर्षात आईचं भाजीला जाणं थांबलं. वय ७३, गुडघे सोडले तर ठणठणीत. भाजीवाल्या बसतात रस्त्यापलीकडे, आमच्या गेटच्या अगदी समोर. पूर्वी दुभाजकात एक फट होती, तिथून बायका हात वर करून पलीकडे जायच्या. (धोक्याचंच होतं, मान्य.) फट बुजली. आता सिग्नलपर्यंत चालत जायचं, ओलांडायचं आणि पलीकडून तेवढंच परत यायचं. त्यात आई अर्ध्यात असतानाच सिग्नल बदलतो. दोनदा मधोमध अडकली, तिसऱ्यांदा गेलीच नाही.

भाजी आता ॲपवरून वीस मिनिटांत येते. परवा कोथिंबीर निवडताना म्हणाली, "जुडी छान आहे गं, पण शेवंताच्या सुनेचं काय झालं ते काही कळलं नाही."

तर प्रश्न असा, की रस्ता, बस, मेट्रो यांमुळे एखाद्या वस्तीत राहणं सुखाचं झालं की नाही हे मोजायचं असेल, तर तुम्ही तुमच्या भागात काय मोजाल? "सगळंच वाईट आहे" हे उत्तर नको, ते माहीत आहे. घड्याळ, टेप किंवा वही घेऊन मोजता येईल असं काही सांगा.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढचे पन्नास प्रतिसाद त्यावरच जातील.

कटिंगवाला
शनिवार, सकाळी १०:३१

दुभाजक, कठडा, बंद केलेली फट. नाशिक!

वऱ्हाडी_ठेचा
शनिवार, सकाळी १०:३३

छ्या. नागपूर आहे हे. सिमेंटचा रस्ता होता का ताई?

पेठेतला_वाडा
शनिवार, सकाळी १०:४०

आई घरात बसून टोमणा मारते आणि लेक त्यावर धागा काढते. पुणे. विषय संपला.

पायरीवर
शनिवार, सकाळी ११:०५

म्हणूनच लिहिलं नव्हतं :)

डांबरी
शनिवार, दुपारी १:२०

निवृत्त रस्ता अभियंता आहे, ३४ वर्षं हेच केलं. थोडी आमची बाजू.

रस्त्याला इंग्रजी ए ते एफ अशी श्रेणी देण्याची पद्धत अमेरिकेतून आली. तिथल्या महामार्गांच्या १९६५ च्या नियमपुस्तिकेत ती पहिल्यांदा मांडली गेली. ए म्हणजे गाडी मोकळी पळते, एफ म्हणजे कोंडी. मोजायला सोपी, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी, म्हणून मंत्र्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना कळते. गडबड अशी झाली की महामार्गासाठी केलेली पट्टी आपण बाजारपेठेच्या रस्त्यालाही लावली. तिथे चालणारा माणूस हा प्रवासी धरला जात नाही, तो अडथळा ठरतो.

आता तुमच्या सिग्नलचं. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून हिरव्याची वेळ काढायची पद्धत आहे. सहा पदर आणि दुभाजक मिळून तुमचा रस्ता २३ मीटरच्या आसपास असेल. २३ भागिले १.२, म्हणजे १९ सेकंद. गुडघे दुखणारी बाई ०.८ ने चालते. तिला २९ सेकंद लागतात. हिशोबात कोणी लबाडी केली नाही. हिशोबातला माणूस तिशीतला आहे, एवढंच.

म्हणून माझं माप: हिरवा दिवा किती सेकंद, आणि तुमच्या घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला किती सेकंद. बाकी काही नको.

विंडोसीट
शनिवार, दुपारी १:४८

काका, _/\_. "हिशोबातला माणूस तिशीतला आहे" हे लिहून ठेवलं.

मेरलायन_मावशी
शनिवार, दुपारी ४:१५

डांबरीकाका, सिंगापुरात २००९ पासून यावर एक साधी युक्ती आहे. ज्येष्ठांकडे सवलतीचं कार्ड असतं. सिग्नलच्या खांबावरच्या डब्याला ते टेकवलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. रस्ता किती रुंद आहे त्यावर ३ पासून १३ सेकंदांपर्यंत. माझे सासरे इथे आले की त्यांना कार्ड मिळत नाही, पाहुणे ना. मग ते कोणी चिनी आजी येईपर्यंत थांबतात आणि तिच्या मागोमाग जातात. दोन महिन्यांत तीन आज्यांशी ओळख झाली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

कटिंगवाला
शनिवार, दुपारी ४:२२

सासऱ्यांचं माप: दर सिग्नलमागे आज्या.

सेदान_सम्राट
शनिवार, संध्याकाळी ६:०२

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. वेगाला एवढं नावं ठेवायचं कारण नाही. माझ्या वडिलांना रात्री छातीत कळ आली तेव्हा रुंद झालेल्या रस्त्यामुळेच अकरा मिनिटांत दवाखाना गाठला. जुन्या रस्त्याने गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. शिवाय धागाकर्तीच लिहिते की ती ऑफिसला लवकर पोहोचते. दहा मिनिटं वाचली म्हणजे दहा मिनिटं आईजवळ जास्त. ते सुख नाही का? गाडीवाला माणूसही माणूसच असतो हो.

पायरीवर
शनिवार, संध्याकाळी ६:४०

शिव्या कशाला? मुद्दा बरोबर आहे. वडील ठीक आहेत ना आता?

दहा मिनिटांबद्दल मात्र खरं सांगते. ती आईला मिळत नाहीत. मी दहा मिनिटं उशिरा उठते.

८_०२_ची_स्लो
शनिवार, रात्री ९:५५

बदलापूर. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. आमच्याकडे रस्ता ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही, दिवसा आम्ही गावात नसतोच.

२०१४ मध्ये इथे घर घेतलं, कारण ठाण्यात जमत नव्हतं. तेव्हा हप्त्याचा हिशोब काढला, पण जाण्यायेण्याचा काढला नाही. शिकागोतल्या एका संस्थेने याच हिशोबासाठी माप केलंय: घरखर्च आणि प्रवासखर्च एकत्र करा, तो उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तर ती जागा परवडणारी. नुसता घराचा खर्च बघितला की लांबची जागा नेहमीच स्वस्त दिसते.

आपल्याकडे हे माप जसंच्या तसं लावलं तर मी पास होतो, कारण लोकलचा पास स्वस्त. पैशात बदलापूर परवडतं. पण मी सकाळी ७:२० ला घर सोडतो आणि रात्री ८:५० ला दार वाजवतो. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत तिला मी रविवारचाच माहीत होतो. म्हणून माझं माप: कामाच्या दिवशी घरात जागेपणी किती तास. माझे तीन. त्यातला एक आंघोळ-जेवणात जातो.

विंडोसीट
शनिवार, रात्री १०:२०

हे वाचून गप्प झाले. सेदान सम्राट, तुमची दहा मिनिटं आणि यांचे तीन तास एकाच तराजूत घालायचे तरी कसे?

मास्तर_पाचवी_ब
रविवार, सकाळी ७:१५

शहरवाल्यांचं चालू द्या, आमचंही ऐका. मी सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या एका गावात शिक्षक आहे. आमच्याकडे सिग्नल नाही, फुटपाथ नाही, कोंडी तर नाहीच. तुमच्या प्रगतिपुस्तकात आमच्या रस्त्याला ए प्लस मिळेल.

सातवीनंतर पोरांना तालुक्याला जावं लागतं. सकाळची गाडी असते. परतीची गाडी शाळा सुटल्यावर दोन तासांनी. मुलगे वडापच्या जीपला मागे लटकून येतात. मुलींना घरचे लटकू देत नाहीत, आणि दोन तास स्टँडवरही बसू देत नाहीत. मग दहावीच्या आत एकेक नाव कमी होत जातं. हजेरीपटावर कारण लिहिलेलं असतं "घरगुती". मी त्याच्या पुढे पेन्सिलीने "गाडी" लिहितो.

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं, गावातल्या बाया आता तपासणीला, माहेराला एकट्या जातात, नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. पण अर्धं तिकीट काढायला आधी गाडी यावी लागते.

माझं माप: आठवीत ज्या मुली तालुक्याच्या शाळेत गेल्या, त्यातल्या दहावीला किती बसल्या. वाहतुकीचं खरं प्रगतिपुस्तक ते आहे.

डांबरी
रविवार, सकाळी ८:०२

मास्तर, ३४ वर्षांत कुठल्याच बैठकीत हे माप ऐकलं नाही. लाज वाटली जरा.

माहेर_डिचोली
रविवार, सकाळी ९:३०

मास्तरांना अनुमोदन. गोव्यातही तेच, फक्त घड्याळ वेगळं. संध्याकाळ कलली की गावाकडच्या बशी आटतात. म्हणून इथे घराघरात दुचाकी, आणि म्हातारी माणसं "पायलट"च्या मागे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर. माझी मावशी पासष्टीची, नऊवारी नेसून पायलटच्या मागे एका बाजूला पाय टाकून बसते. हातात मासळीची पिशवी. पर्यटक फोटो काढतात.

माझं माप: शेवटची बस किती वाजता. शेवटची बस सातला असेल तर त्या गावातल्या पोरीला नोकरीही सातच्या आतलीच. नाटक, सप्ताह, शिकवणी सगळं त्या बशीच्या वेळेत कोंबायचं. फेरीबोटीचं मात्र कौतुक करते. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, आणि त्या दहा मिनिटांत अख्ख्या वाड्याची खबर मिळते.

आकडेमोडे
रविवार, सकाळी ११:१०

बसबद्दल एक खाचखळगा सांगतो, कारण इथेच सरासरी सगळ्यात जास्त फसवते.

समजा एका मार्गावर तासाला सहा बस आहेत. दर दहा मिनिटांनी एक आली, तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटं उभं राहावं लागेल. आता त्याच सहा बस जोडीजोडीने आल्या (कोणत्याही थांब्यावर जाऊन बघा, अर्धा तास काही नाही आणि मग दोन एकदम, दुसरी रिकामी), तर दर वीस मिनिटांनी एक जोडी. सरासरी थांबणं दहा मिनिटं. दुप्पट! अहवालात दोन्हीकडे लिहिलेलं असेल "तासाला सहा फेऱ्या".

तसंच अंतराचं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ११.२ नावाचं एक उद्दिष्ट आहे. त्यात बसथांबा घरापासून ५०० मीटरच्या आत आणि रेल्वे किंवा मेट्रो १ किलोमीटरच्या आत असेल, तर तो माणूस "सोयीच्या अंतरावर" धरतात. हे अंतर पायवाटेने मोजायचं, असं अपेक्षित आहे. आळशी माणूस नकाशावर थांब्याभोवती वर्तुळ काढून मोकळा होतो. वर्तुळात नाला येतो, लष्कराची भिंत येते, रेल्वेचे रूळ येतात, आणि धागाकर्तीच्या आईचा दुभाजक येतो. वर्तुळाच्या हिशोबाने भाजीवाली त्यांच्या दारात आहे.

माझं माप: सरळ रेषेतलं अंतर आणि प्रत्यक्ष चालायचं अंतर यांचं गुणोत्तर. पायरीवर, तुम्ही पावलं मोजून सांगाल का?

पायरीवर
रविवार, सकाळी ११:२५

सांगते. आईला आजच ढकलून बाहेर काढते.

सायकलपटू_डच
रविवार, दुपारी २:४०

मी उट्रेख्टला असतो. इथे सात वर्षांची मुलं एकटी सायकलने शाळेत

पेठेतला_वाडा
रविवार, दुपारी २:४३

आलं! मी म्हणतच होतो, अजून हॉलंड कसं आलं नाही. आता तुळशीबागेतून ट्यूलिप घ्यायला कधी जायचं?

सायकलपटू_डच
रविवार, दुपारी २:५१

अर्धवट पोस्ट झालं, थांबा जरा. मला कौतुक करायचं नव्हतं. उलट सांगायचं होतं की हे लोक जन्मजात शहाणे नाहीत. १९७१ साली या चिमुकल्या देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. आयाबाप रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले, "मुलांची हत्या थांबवा" नावाचं आंदोलन झालं. त्यानंतर हळूहळू हे सायकलचे मार्ग आले. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये मोटारींसाठी जुन्या वस्त्या पाडायचे बेत चालले होते. वाडेवाले, तुम्ही आमच्या पुढे होतात.

पेठेतला_वाडा
रविवार, दुपारी ३:१०

"होतात" हा शब्द मर्मी लागला. माफी. आमच्याकडे ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो, २०२१ पासून. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालताना चोरी केल्यासारखं वाटतं. बाकी ३६४ दिवस वाहन दिन.

कूपर्टिनो_कट्टा
रविवार, रात्री ११:३०

डांबरीकाकांच्या ए ते एफ ची पुढची गोष्ट. कॅलिफोर्नियात हीच श्रेणी पर्यावरणाच्या कायद्याखालच्या तपासणीत वापरायचे. गाड्यांना उशीर झाला की पर्यावरणाची हानी! त्यामुळे सायकलमार्ग आखायचा तरी तो "पर्यावरणाला घातक" ठरू शकायचा. सॅन फ्रान्सिस्कोची अख्खी सायकल योजना २००६ पासून २०१० पर्यंत कोर्टाच्या मनाईत अडकून पडली होती. शेवटी २०१३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०२० पासून माप बदललं. आता गाड्यांना किती थांबावं लागेल ते नाही, तर प्रकल्पामुळे लोकांना एकूण किती मैल गाडी चालवावी लागेल ते बघतात. माप बदललं आणि त्याच सायकलमार्गाची हानी नाहीशी झाली. अर्थात मी राहतो तिथे अजूनही दूध आणायला गाडी काढावी लागते.

नियमाप्रमाणे
सोमवार, सकाळी ९:०५

सगळे भावुक झालेत, पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. भाजीवाल्या बसतात कुठे? फुटपाथवर. म्हणजे पायरीवर यांच्या मातोश्रींना चालायला जी जागा हवी, ती शेवंताबाईंनीच अडवली आहे. आधी फेरीवाले उठवा, मग चालण्याची मापं काढा. आमच्या भागात मी टेप घेऊन गेलो होतो. २.४ मीटरच्या फुटपाथवर चालायला ५० सेंटीमीटर. भारतीय रोड काँग्रेसच्या (रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) निकषांत किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे.

पायरीवर
सोमवार, सकाळी ९:४०

तुम्ही म्हणता ते चूक नाही, आणि म्हणूनच मला त्रास होतो. शेवंताबाईंची टोपली फुटपाथवरच असते. पण त्या उठल्या तर आईला रस्ता ओलांडायचं कारणच उरणार नाही. मग फुटपाथ १.८ काय, पाच मीटर असला तरी रिकामाच.

डांबरी
सोमवार, सकाळी १०:१५

नियमाप्रमाणे, १.८ मीटर बरोबर सांगितलंत. पण तो आकडा चालण्याच्या पट्ट्याचा आहे. दुकानांसमोरची जागा, झाडं, खांब, टोपल्या यांची जागा त्याच्या बाहेर धरायची असते. फुटपाथच साडेतीन-चार मीटरचा केला तर दोन्ही मावतात. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले, बसायला बाक टाकले, ते जाऊन बघा. आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आहे. नियम तोही आहे.

नियमाप्रमाणे
सोमवार, सकाळी १०:५०

साडेतीन मीटरचा फुटपाथ आणायचा कुठून? रस्त्यातून काढणार? मग सेदान सम्राटांच्या वडिलांचं काय?

सेदान_सम्राट
सोमवार, सकाळी ११:०२

माझ्या वडिलांना का मध्ये ओढता, ते मजेत आहेत. आणि रोज सकाळी फिरायला जातात. फुटपाथवरूनच :) एक पदर पार्किंगने खाल्लेला असतो, तो घ्या. माझी गाडी त्यात असते, तरी सांगतो.

कटिंगवाला
सोमवार, सकाळी ११:०४

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पांढरी_काठी
सोमवार, दुपारी १२:३०

मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो तेव्हा हा धागा ऐकला. दोन गोष्टी.

फुटपाथवर आमच्यासाठी पिवळ्या खडबडीत फरशा बसवतात. एका नव्या फुटपाथवर मी त्या फरशीवरून सरळ चालत गेलो आणि विजेच्या डीपीवर आपटलो. फरशी डीपीखालून पुढे गेली होती. मोजणाऱ्याने मीटर मोजले असतील, एवढे मीटर फरशी बसवली, काम पूर्ण. माझं माप: घरापासून बसथांब्यापर्यंत किती वेळा कोणीतरी हात धरून बाजूला केलं. शून्य म्हणजे चांगला रस्ता.

दुसरं, फेरीवाल्यांबद्दल. मला रस्ता कळतो तो त्यांच्यावरूनच. कांदाभज्यांचा वास आला की वळायचं, चावीवाल्याची कानस ऐकू आली की थांबा आला. सगळे उठवले तर मी हरवेन. फक्त त्यांनी रोज त्याच जागी बसावं.

नियमाप्रमाणे
सोमवार, दुपारी १:१५

हा विचार केला नव्हता. प्रतिसाद आवडला.

विंडोसीट
सोमवार, दुपारी ३:३०

आईच्या "शेवंताच्या सुनेचं काय झालं" वरून आठवलं. हेसुद्धा मोजून झालंय. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत सारखेच दिसणारे तीन रस्ते निवडले. एकावर दिवसाला २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. घरोघरी विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती. कमी रहदारीच्या रस्त्यावर सरासरी तीन. जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी, ०.९. "माझं घर" कुठपर्यंत हेही नकाशावर काढायला सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता धरला आणि गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी नुसती आपली इमारत. हा माणूस पुढे १९८२ मध्ये अथेन्सला भरधाव गाडीखाली सापडून गेला.

तेव्हा काकू म्हणतात ते घड्याळ-टेपशिवाय, नुसत्या वहीने मोजता येतं. बाजूने जाताना किती जणांनी नावाने हाक मारली.

८_०२_ची_स्लो
सोमवार, रात्री १०:१०

आमच्या डब्यात रोज अठरा जण नावाने हाक मारतात. घराच्या मजल्यावर एकही नाही. हे कुठल्या रकान्यात घालू?

माहेर_डिचोली
सोमवार, रात्री १०:१४

डब्यालाच गाव धरा भाऊ.

आकडेमोडे
मंगळवार, सकाळी ८:३०

मोजणीत कोण सुटतं तेही बघा. २०११ च्या जनगणनेत प्रवासाबद्दल विचारलं होतं: कामाला किती लांब जाता आणि कशाने. फार उपयोगी माहिती आहे. पण ती शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांचीच. आईची भाजी, मास्तरांच्या मुली, आजोबांचा दवाखाना, मुलाला शाळेत सोडून वाटेत दळण टाकून परत येणारी बाई, यातलं काहीच त्यात नाही. त्या हिशोबाने पायरीवर प्रवास करतात आणि त्यांची आई करत नाही. ती घरात बसली काय, बाहेर पडली काय, आकडा हलणार नाही.

पायरीवर
बुधवार, रात्री ९:२०

उशीर झाला, पण मोजलं. आई आधी तयार नव्हती. "कॉलेजच्या प्रकल्पासाठी उंदीर पाहिजे का तुला" म्हणाली. मग वही स्वतःच्या हातात घेतली आणि मला घड्याळ दिलं.

सरळ रेषेत आमच्या गेटपासून शेवंताबाईंपर्यंत (गच्चीवरून अंदाजाने) ४० मीटर. प्रत्यक्ष चालायचं ४३० मीटर. आकडेमोडे, तुमचं गुणोत्तर जवळजवळ अकरा. एका बाजूला आईला फुटपाथवरून खाली उतरावं लागलं सात वेळा. चार उंच कडा, एक डीपी, दोन गाड्या. (सेदान सम्राट, पांढरी होती, तुमची नसेल.) सिग्नल १८ सेकंद. आईला लागले ३१, कारण मध्येच एक रिक्षा झेब्र्यावर येऊन थांबली. एकूण एका बाजूचे तेरा मिनिटं.

विंडोसीटचं माप आईने स्वतः घातलं. पलीकडे पोहोचल्यावर नावाने हाका: नऊ. "वहिनी, मेलात असं वाटलं आम्हाला" धरून. शेवंताबाईंच्या सुनेला मुलगी झाली. येताना मेथी मी धरली आणि आई पाऊण तास बोलत होती, तो वेळ धरायचा की नाही यावर आमचा वाद झाला.

डांबरीकाका, यातलं काय उपयोगाचं?

डांबरी
गुरुवार, सकाळी ६:४५

बोलण्याचा वेळ धरा.

अर्ज करायचा तर सगळं लिहू नका. सात मागण्यांचा अर्ज सात टेबलांवर फिरतो. दोनच गोष्टी मागा. हिरवा १८ चा ३० सेकंद करा, त्याला खर्च नाही, नुसती वेळ बदलायची. आणि गेटसमोर दुभाजकात पूर्वीच्या फटीच्या जागी दीड-दोन मीटरची सपाट थांबायची जागा, दोन्ही बाजूंना झेब्रा आणि गतिरोधक. म्हणजे काकू तीन पदर ओलांडून थांबतील, मग पुढचे तीन. फट बुजवायला नको होती, नीट बांधायला हवी होती. पत्रासोबत काकूंच्या वहीचं पान जोडा, टाईप करू नका. अक्षर ओळखू येऊ द्या.

नियमाप्रमाणे
गुरुवार, सकाळी ९:१०

मसुदा मी बघून देतो. कलमं घालतो.

पायरीवर
पुढच्या सोमवारी, संध्याकाळी ७:५०

अर्ज दिला. चौदा सह्या, त्यातली एक शेवंताबाईंची, अंगठा नाही, सही. पोचपावती मिळाली. आईला दाखवली तर चष्मा लावून म्हणाली, "शिक्क्यातली तारीख कालची आहे. काल रविवार होता. उद्या जाऊन बदलून आण."

कटिंगवाला
पुढच्या सोमवारी, संध्याकाळी ७:५४

काकूंना आयडी काढून द्या.